चूकभूल द्यावी घ्यावी

गेल्या अंकात आम्ही ‘थँक यू’ची चौकशी केली होती. त्यावर दोन-तीन वाचकांचे फोन आले, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात एका वहिनींनी गाठून विचारलं, “थँक यू झालं, आता सॉरी कधी?” आम्ही हसून वेळ मारून नेली. सॉरीवर लिहिण्यासारखं काय आहे? या देशात आपला धक्का लागला तरी सॉरी तेच म्हणतात. शब्दाचं मूळ ‘सोअर’मध्ये आहे, म्हणजे दुखणं, ठसठसणं. ‘तुमचं दुखलं, म्हणून माझंही दुखतंय,’ एवढं सांगितलं की सॉरी संपलं, अशी आमची समजूत होती.

पण विषय इतक्या सहजी सुटायचा नव्हता. नोव्हेंबरात आमची कन्या शाळेतून आर.ई.चा गृहपाठ घेऊन आली. आर.ई. म्हणजे धर्माची ओळख करून देणारा तास, तुम्हा पालकांना ठाऊक आहेच. विषय होता ‘फरगिव्हनेस’, आणि घरच्या भाषेत हे कसं म्हणतात ते विचारून यायचं होतं.

“बाबा, ‘आय फरगिव्ह यू’ मराठीत कसं म्हणायचं?”

“मी तुला क्षमा करतो,” आम्ही ताबडतोब सांगितलं. सांगितलं खरं, पण आमचं आम्हालाच कसंतरी वाटलं. हे वाक्य संगीत नाटकातला राजा बोलतो. डोक्यावर मुकुट नसताना ते तोंडात शोभत नाही. मग म्हटलं, “मी तुला माफ केलं.” हे त्याहून वाईट, हिंदी सिनेमातल्या शेवटच्या रिळातलं.

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, असं कोण बोलतं आपल्यात? आपण ‘जाऊ दे’ म्हणतो.”

“बट आई, ‘जाऊ दे’ इज ‘लेट इट गो’. दॅट्स नॉट द सेम थिंग!” कन्या म्हणाली, आणि वही मिटून वर निघून गेली.

पोरीचं चुकलं होतं का? आम्हाला तसं वाटेना. कधी ‘जाऊ दे’ म्हणजे खरोखरच सोडून दिलेलं असतं, आणि कधी ‘जाऊ दे, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही’ असं असतं. हे आम्हाला चांगलं माहीत असायचं एक कारण आहे. ते पुढे सांगतो. आधी शब्दाकडे वळू.

शब्दांची मुळं खणायला लीड्स हे गाव वाईट नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले टोल्किन १९२० ते १९२५ इथल्याच विद्यापीठात इंग्रजी भाषा शिकवत होते, आणि त्याआधी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी त्यांनी ‘डब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या शब्दांची मुळं शोधली होती. आम्ही त्याच विद्यापीठाचे, पण काँक्रीटच्या बाजूचे. तेव्हा चूक दिसली तर सांभाळून घ्या.

‘फरगिव्ह’ची फोड सरळ आहे: ‘फॉर’ आणि ‘गिव्ह’. मात्र हा ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’ नव्हे. तो एक जुना उपसर्ग आहे, ‘पुरतं’, ‘सगळंच्या सगळं’, ‘हातावेगळं’ अशा अर्थाचा. ‘फरगेट’मध्येही तोच बसलाय. हातात धरलेलं निसटून गेलं की ‘फरगेट’, आणि हातचं पुरतं देऊन टाकलं की ‘फरगिव्ह’. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचे अर्थ पाहिले तर गंमत वाटते: देणं, बहाल करणं, कर्ज सोडणं, अपराध सोडणं आणि मुलगी लग्नात देणं. म्हणजे आपलं कन्यादानसुद्धा एके काळी ‘फरगिव्ह’मध्ये मोडत होतं!

यातला ‘ग’ मात्र आपल्या इकडचा. जुन्या इंग्रजीत तिथे ‘य’सारखा उच्चार होता, ‘यिव्हन’ असा काहीतरी. ‘ग’ आणला नॉर्स बोलणाऱ्या व्हायकिंगांनी. त्यांनी ८६६ मध्ये यॉर्क जिंकलं आणि या मुलखात वस्ती केली. आपण शनिवारी पिशव्या घेऊन ज्या ब्रिगेट आणि कर्कगेटवरून फिरतो, त्यातला ‘गेट’ही त्यांचाच. गेट म्हणजे दरवाजा नव्हे, रस्ता. ब्रिगेट म्हणजे पुलाचा रस्ता आणि कर्कगेट म्हणजे चर्चचा रस्ता.

नामाचं म्हणाल तर ‘फरगिव्हनेस’ मुळात ‘फरगिव्हन-नेस’ आहे, दोन ‘न’ एकात मिसळले इतकंच. म्हणजे शब्दाच्या बांधणीत ‘मी सोडलं’पेक्षा ‘मला सोडलं गेलं’ ही अवस्था आहे. आम्ही इतकी वर्षं उलटं समजत होतो. हा शब्द मोठ्या मनाच्या माणसाचा आहे, असं आम्हाला वाटायचं. त्याची बांधणी मात्र ज्याचं ओझं उतरलं त्याच्या बाजूची आहे.

आता प्रश्न असा, की ‘पुरतं द्यायचं’ म्हणजे नेमकं काय द्यायचं? उत्तर हिशेबात आहे. त्या काळच्या इंग्लंडात माणूस मारला तर त्याची किंमत ठरलेली असे आणि ती त्याच्या नातेवाइकांना भरून द्यावी लागे. ‘वेरगिल्ड’ म्हणत त्याला, म्हणजे माणसाचं मोल. वेसेक्सच्या राज्यात साधा स्वतंत्र माणूस २०० शिलिंगांचा आणि सरदार १२०० शिलिंगांचा. भरपाई झाली नाही तर सूड. कर्कगेटवरच्या मिन्स्टरमध्ये जो दहाव्या शतकातला उंच दगडी क्रूस आहे, तो एकदा मुलांना दाखवून आणा. १८३८ मध्ये जुनं चर्च पाडताना त्याचे तुकडे सापडले. त्यावर संतांच्या आकृती आहेत आणि खालच्या बाजूला पंख बांधलेला वेलंड लोहार आहे. या लोहाराला राजाने पायाच्या शिरा कापून लंगडा केला, डांबून ठेवला. लोहाराने राजाची पोरं मारून त्यांच्या कवट्यांचे पेले केले आणि स्वतः केलेल्या पंखांनी उडून गेला. क्षमा शिकवणाऱ्या धर्माच्या क्रूसावर सूडाची ही गोष्ट! दगड घडवणाऱ्याला त्यात काय दिसलं असेल ते असो. आम्हाला तिथे उभं राहिल्यावर एवढं जाणवलं, की ज्या काळात येणं वसूल करणं हा माणसाचा हक्क होता, कर्तव्यच होतं, त्या काळात ‘मी माझं येणं सोडलं’ म्हणणं ही केवढी मोठी रक्कम असेल.

ख्रिस्ती लोकांच्या मुख्य प्रार्थनेतही हाच हिशेब आहे. मॅथ्यूच्या ग्रीक पाठात जो शब्द आहे त्याचा अर्थ कर्ज. १६११ च्या इंग्रजी बायबलात त्यासाठी ‘डेट्स’ छापलं आहे. पण त्याआधी १५२६ मध्ये टिंडेलने ‘ट्रेसपासेस’ केलं होतं, ते १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात गेलं आणि इंग्लंडात तेच तोंडी बसलं. ट्रेसपास म्हणजे हद्द ओलांडणं. डेल्समध्ये फिरायला गेलं की शेताच्या कुंपणावर ‘ट्रेसपासर्स’ना कोर्टात खेचण्याची पाटी दिसते, म्हणजे चर्चमध्ये सोडून द्यायचं आणि कुंपणावर धरायचं! मराठी बायबलात मात्र इथे ‘ऋण’ हाच शब्द आहे, आणि तो मुळाला धरून आहे. जर्मनमध्ये तर अपराध आणि कर्ज दोन्हींना एकच शब्द, ‘शुल्ड’.

इंग्रजीतला दुसरा शब्द ‘पार्डन’ फ्रेंचांकडून आला. त्याचं लॅटिन मूळ ‘पेर’ म्हणजे पुरतं आणि ‘दोनारे’ म्हणजे देणं. ‘फरगिव्ह’ हा त्याचाच शब्दाला शब्द ठेवून केलेला तर्जुमा असावा, असं अभ्यासक मानतात. आणि हे ‘दोनारे’ म्हणजे आपल्या ‘दान’चं सख्खं भावंड, दोघांचं मूळ एकच. आपलं ‘देणे’ हे क्रियापदही त्याच ‘दा’ धातूतून आलं. म्हणजे साहेबाच्या ‘पार्डन’मध्ये जे आहे तेच सौ.च्या ‘जाऊ दे’मधल्या ‘दे’मध्ये आहे! ‘सोडून दे’, ‘असू दे’, ‘राहू दे’, सगळीकडे ‘दे’ हजर. कन्येला हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदाच वहीत काहीतरी टिपून घेतलं.

आपले पुस्तकी शब्द मात्र वेगळ्या घरचे. ‘क्षमा’ आली ‘क्षम्’ धातूवरून, म्हणजे सोसणं, समर्थ असणं. सक्षम, कार्यक्षम, क्षमता ही त्याच घरची मंडळी. संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा म्हणतात, कारण ती सगळ्यांचा भार वाहते. पुलावर किती भार पेलेल याचे हिशेब करण्यात आमची वीस वर्षं गेली, त्यामुळे हा अर्थ आम्हाला लगेच पटला. इंग्रजाची क्षमा देण्यात, तर संस्कृताची पेलण्यात. मराठीची खास स्वतःची म्हणाल तर ‘पोटात घालणं’. आई चूक पोटात घालते. यात देणंही नाही आणि हिशेबही नाही.

‘माफ’ आपल्याकडे फारसीतून आला, मूळ अरबी. त्या धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे, आणि तो पुन्हा हिशेबाच्या वहीत घेऊन जातो: सारा माफ, फी माफ, कर्जमाफी. गावाकडच्या बातम्या वाचणाऱ्यांना कर्जमाफी नवी नाही. २००८ मध्ये केंद्र सरकारची झाली, २०१७ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या योजना झाल्या. पण शेतकरी संघटनेचे शरद जोशी या शब्दावरच अडून बसत. त्यांचं म्हणणं, माफी गुन्हेगाराला असते. शेतमालाचे भाव सरकारी धोरणानेच पाडले, त्यातून हे कर्ज झालं, मग शेतकऱ्याचा गुन्हा कोणता? म्हणून कर्जमाफी नको, कर्जमुक्ती म्हणा. २०१९ च्या योजनेच्या नावात कर्जमुक्ती हाच शब्द आहे. पूर्वी हे वाचताना आम्हाला वाटायचं, पैसे सुटले ना, मग शब्दाचा कीस कशाला?

आता ते कारण सांगतो.

२०१९ च्या गणेशोत्सवात आम्ही मंडळाचे खजिनदार होतो. महाप्रसादाच्या सामानासाठी एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे ५०० पौंड रोख दिले होते. उत्सव संपल्यावर आमच्याकडे पावत्या निघाल्या ३६० पौंडांच्या. ते म्हणाले, सगळ्या पावत्या विसर्जनाच्या दिवशी तुमच्या हातात दिल्या. आम्ही म्हणालो, नाही दिल्या. नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत हिशेब वाचताना तो १४० चा खड्डा आला. ते उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “मी पावती दिली होती.” त्यावर आम्ही, चाळीसेक कुटुंबांसमोर, मोठ्या उदारपणे म्हणालो, “जाऊ दे हो. मंडळ ते पैसे माफ करतं.” दोघा-चौघांनी टाळ्याही वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचा १४० पौंडांचा चेक आला. सोबत चिठ्ठी नव्हती. त्यानंतर ते मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला आले नाहीत.

हे गृहस्थ कोण, तर आम्ही एम.एस्सी.साठी दोन बॅगा घेऊन या गावात उतरलो तेव्हा ज्यांच्या घरी पहिला वरणभात जेवलो ते. पहिल्या थंडीत त्यांचाच कोट आमच्या अंगावर होता. त्याची पावती त्यांनी कधी मागितली नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात गॅरेज आवरताना मखराचं खोकं उघडलं. आरत्यांच्या पुस्तिकेत खूण म्हणून एक घडी घातलेला कागद होता. भाजी आणि किराण्याची पावती, १४० पौंड आणि काही पेन्स. मंत्रपुष्पांजलीचं पान सापडावं म्हणून ती तिथे आम्हीच घातली होती. घातल्याचं आठवलंसुद्धा.

त्याच संध्याकाळी फोन केला. म्हणालो, “पावती सापडली. आमचीच चूक. चूकभूल द्यावी घ्यावी.” शेवटचं वाक्य हसत म्हटलं, वातावरण हलकं व्हावं म्हणून. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, “जाऊ दे.” मंडळाने पैसे परत पाठवले, ते त्यांनी गणपतीच्या देणगीत जमा करायला सांगितले. कागदावरचा हिशेब मिटला. करोनामुळे सभा होत नव्हत्या. पुढे झाल्या तेव्हा आम्ही खजिनदार नव्हतो, आणि जुनं कशाला उकरून काढायचं, असं स्वतःला समजावलं. चारचौघांत जे बोललो ते चारचौघांत मागे घेतलंच नाही.

कन्येच्या गृहपाठाच्या निमित्ताने हे सगळं सौ.पाशी बोलून दाखवलं. ती म्हणाली, “ते रागावले तुम्ही पावती हरवलीत म्हणून नाही. तुम्ही त्यांना माफ केलंत म्हणून.” शरद जोशी शब्दावर का अडून बसत, ते आम्हाला आमच्याच स्वयंपाकघरात कळलं. ज्याचं काही देणं नव्हतं, त्याचं देणं आम्ही सोडलं. अशी क्षमा म्हणजे आरोपच, फक्त टाळ्यांसकट केलेला.

आणि ज्या वाक्याचा आम्ही फोनवर विनोद केला त्याचा अर्थ आम्हाला कुठे ठाऊक होता? ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ हे आपण पत्राच्या, यादीच्या, भाषणाच्या शेवटी सवयीने टाकतो, जणू ‘चुकलं असेल तर चालवून घ्या’. पण वाक्य हिशेबनिसाचं आहे, आणि त्यात चालवून घेण्याची सोय नाही. हिशेबात चूक निघाली तर ज्याचं निघेल त्याने घ्यावं, ज्याच्याकडे निघेल त्याने द्यावं, असा तो करार आहे. इंग्रज व्यापारी बिलाखाली ‘ई अँड ओ ई’ छापतो, म्हणजे चुका आणि राहून गेलेलं वगळून. तो चूक वगळतो, आपला हिशेबनीस ती भरून द्यायचं कबूल करतो. फरगिव्ह म्हणजे आपलं येणं सोडणं, हे खरं. पण ते सोडायचं की नाही हा ज्याचं येणं आहे त्याचा अधिकार. ज्याच्याकडे देणं आहे त्याने आधी द्यायचं असतं. आम्ही द्यायच्या आधीच सूट मागत होतो.

म्हणून संपादकांच्या परवानगीने पुढची दुरुस्ती इथे नोंदवतो. ज्या मंडळींसमोर आम्ही बोललो, त्यांतले बहुतेक हा अंक वाचतात.

२०१९ च्या गणेशोत्सवाच्या हिशेबात महाप्रसादाच्या खर्चाची १४० पौंडांची पावती आम्हाला त्याच वेळी मिळाली होती. ती आमच्या हातून गहाळ झाली. ज्या गृहस्थांनी हे काम केलं त्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून चोख होता. मंडळाचं त्यांच्याकडे काहीही येणं नव्हतं, त्यामुळे माफ करण्यासारखंही काही नव्हतं. सभेत उच्चारलेलं आमचं वाक्य चुकीचं होतं, आणि ते आम्ही मागे घेतो.

या मजकुराची एक प्रत अंक छापायला जाण्याआधी त्यांच्याकडे पोस्टाने पाठवली आहे. उत्तर मागितलेलं नाही. त्यांचं येणं किती आहे हे तेच जाणतात, आणि ते सोडावं असा आग्रह धरायचा आम्हाला अधिकार नाही.

कन्येचा गृहपाठ तोवर देऊन झाला होता. तिने शेवटी काय लिहिलं ते विचारलं, तर म्हणाली, “मी ‘सोडून दे’ लिहिलं. कारण त्यात ‘गिव्ह’ आहे. आणि मिस म्हणाली, व्हेरी इंटरेस्टिंग.”

हा अंक संक्रांतीच्या सुमारास तुमच्या हाती पडेल. दर वर्षी तिळगुळाचा डबा घेऊन आम्ही गावभर फिरतो. गेली काही वर्षं एक घर टाळून पुढे जात होतो. त्या घराकडे जाणारी बस कोणती, हे आम्हाला वीस वर्षांपासून पाठ आहे. या वर्षी तिथे आधी जाणार. दार उघडलं तर ‘तिळगूळ घ्या’ एवढंच म्हणणार. ‘गोड बोला’ म्हणायचं की नाही, ते तेव्हा ठरवू.

पुढच्या अंकात, वाचकांच्या आग्रहास्तव, ‘प्लीज’.